पाणी शहराला, गवत शेताला

शेतात कामाला माणूस मिळत नाही, सबब तणनाशकाला पर्याय नाही, असे एक वाक्य अलीकडे फार ऐकू येते. पंजाबचा बडा बागायतदार ते म्हणतो, कंपनीचा विक्रेता ते म्हणतो, कृषिखात्याचे अधिकारी तेच म्हणतात. आणि शेतकरी चळवळीतील कार्यकर्तेही पुष्कळदा मान डोलावतात. वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे कोठे दडले आहे हे पाहावयाचे असेल तर चेन्नईच्या वेशीवरच्या भातखाचरांत उतरावे लागते.

चेन्नई म्हटले की बंदर, मोटारींचे कारखाने आणि संगणक कंपन्या डोळ्यांपुढे येतात. परंतु शहराच्या उत्तरेस पोन्नेरी, मिंजूर, तिरुवळ्ळूर आणि दक्षिणेस चेंगलपट्टू, मदुरांतकम्, उत्तिरमेरूर हा सारा मुलूख पिढ्यान् पिढ्या भाताचा आहे. वर्षात तीन हंगाम होतात: उन्हाळ्यात सुरू होणारा सोर्णवारी, ईशान्य मोसमी पावसावरचा सांबा आणि त्यामागून येणारा नवरै. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील तिरूर येथे १९४२ पासून भात संशोधन केंद्र आहे. तेथे निपजलेला टीकेएम-६ हा वाण पुढे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या आयआर-२० या गाजलेल्या वाणाचा एक जनक ठरला. हरितक्रांतीने या टापूला जे काही दिले असेल ते असो; त्याआधी या टापूने हरितक्रांतीला दिले आहे.

या मुलखात भात पेरण्याची एक जुनी रीत आहे. पावसाची वाट न पाहता कोरड्या, धुळीसारख्या भुसभुशीत रानात बी टाकावयाचे; पुढे पाऊस लागला, तलाव भरला की त्याच पिकाला पाणी चढवून खाचर ओले करावयाचे. तमिळमध्ये धुळीला पुळुदि म्हणतात आणि पेरणीचे नावही त्यावरूनच पडले आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे परके वाटू नये. त्याच्याकडे हिलाच धूळवाफ पेरणी म्हणतात. रोपवाटिका नको, चिखलणी नको, लावणीचा खर्च नको. या सोयीची किंमत मात्र एकच आणि जबर आहे: गवत.

खाचरातील तणांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. काही रुंद पानांची, काही लव्हाळ्याच्या जातीची आणि काही गवतवर्गीय. पहिली दोन डोळ्यांना सहज दिसतात. तिसऱ्यांची गोष्ट निराळी, कारण भात हेही गवतच आणि त्याचा वैरीही गवतच. कोकणात ज्याला पाखड म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्र ज्यांना एकायनोक्लोआ या नावाखाली एकत्र करते, ती गवते सुरुवातीच्या आठवड्यांत भाताच्या रोपांत अशी मिसळून उभी असतात की नवख्याला भात कोठे संपला आणि तण कोठे सुरू झाले ते सांगता येत नाही. फरक आहे, पण बारीक. भाताचे पान जेथे खोडाला बिलगते तेथे एक पातळ पांढुरकी जीभ आणि तिच्या दोहों अंगांस केसाळ कान असतात. पाखडाला जीभ नाही आणि कानही नाहीत. विद्यार्थी हे भिंगाखाली शिकतो. दिवसभरात हजारो रोपांवरून हात फिरविणारी निंदणारी बाई ते भिंगाशिवाय ओळखते, आणि तरीही तिला अकुशल कामगाराच्या रकान्यात टाकले जाते.

हे गवत भातापेक्षा बळकटही आहे. ऊस आणि मका ज्या रीतीने सूर्यप्रकाशाचा उपयोग करतात त्याच रीतीने ते करते. कडक उन्हात आणि कमी पाण्यात भात मंदावतो तेव्हा पाखड वाढत असते. ते भाताच्या आधी पिकते. त्याच्या लोंबीतून हजारो बारीक बिया कापणीपूर्वीच झडून मातीत मिसळतात आणि त्यांतील कित्येक पुढची काही वर्षे उगवण्याची संधी शोधत पडून राहतात. पेरभातात पहिले तीस-चाळीस दिवस निर्णायक असतात. तेवढ्या मुदतीत गवत निघाले नाही तर नंतर कितीही मजूर लावा, गेलेले उत्पन्न परत येत नाही.

पाखड भातासारखे दिसते हा योगायोग नव्हे. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलोव्ह यांनी या प्रकाराचा उलगडा केला होता. (बियाण्यांचा जगात अजोड संग्रह उभारणारा हा माणूस १९४३ मध्ये आपल्याच देशाच्या तुरुंगात मरण पावला, हेही विसरता येत नाही.) शेतकरी पिकात तण काढतो तेव्हा जे रोप पिकापेक्षा वेगळे दिसते ते प्रथम उपटले जाते, जे पिकासारखे दिसते ते निसटते आणि बी धरते. पिढ्यामागून पिढ्या अशी निवड झाली की तण पिकाचेच सोंग घेते. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यातील पाखडाच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तेथे हे सोंग वठण्यास सुमारे एक हजार वर्षांपूर्वी प्रारंभ झाला. माणसाच्या हाताला आणि डोळ्याला चकविण्यासाठी गवताला शतकेच्या शतके खर्ची घालावी लागली. रासायनिक औषधाला चकविण्यासाठी त्याला किती काळ लागतो, त्याचा हिशेब पुढे येईलच.

त्याआधी पाण्याचा प्रश्न. तणांवरचे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक औषध कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते म्हणजे खाचरात उभे असलेले चार बोटे पाणी. भाताचे रोप पाण्यात श्वास घेऊ शकते. बहुतेक गवतांचे बी पाण्याखाली उगवत नाही, आणि उगवले तरी जोर धरीत नाही. आशियातील शेतकऱ्याने चिखलणी करून, रोप लावून, पाणी बांधून भात पिकविण्याची मेहनत का पत्करली याचे एक मोठे कारण हेच आहे. लावणीच्या भाताला तीन-चार आठवड्यांची आघाडी आणि वर पाण्याचे संरक्षण मिळते. हे पाणी चेंगलपट्टूच्या मुलखात नद्यांपेक्षा तलावांतून येत आले. तमिळमध्ये त्यांना एरी म्हणतात. पावसाचे वाहते पाणी बांध घालून अडविणारे आणि एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात सोडणारे हे तलाव म्हणजे भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांची भावंडेच होत. गावाने मिळून गाळ काढावयाचा, बांध दुरुस्त करावयाचा, अशी त्यांची व्यवस्था होती. वसाहती राजवटीत ती खिळखिळी झाली. आणि तमिळनाडू सरकारने अलीकडे कुडिमरामत् या जुन्याच नावाने दुरुस्तीची योजना आणली ती तलाव गाळाने भरल्यानंतर आणि कडा घरांनी व्यापल्यानंतर.

दुसरीकडे शहराची तहान. चेन्नईला बारमाही मोठी नदी नाही. पूंडी, चोळवरम्, पुळल आणि चेंबरम्बाक्कम् येथील जलाशय पावसावर अवलंबून. म्हणून उत्तरेकडील आरणी-कोसस्तलै खोऱ्यातील भूजलावर शहराने हात घातला. मिंजूर, पंजेट्टी, तामरैपाक्कम्, पूंडी ही नावे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नकाशात विहिरींचे पट्टे म्हणून येतात. कृषिखात्याच्या नकाशात तीच नावे भाताची गावे म्हणून येतात. मिंजूरच्या बाजूस इतका उपसा झाला की समुद्राचे खारे पाणी जमिनीच्या पोटात शिरले. २००० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने शेतकऱ्यांच्या विहिरींतील पाणी विकत घेण्यास सुरुवात केली. २०१९ च्या उन्हाळ्यात चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले तेव्हा आसपासच्या गावांतून टँकरच्या रांगा शहराकडे धावत होत्या.

पाणी विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचेही. भाताच्या भावात खर्च निघत नसताना पाण्याला रोख पैसा मिळत असेल तर तो काय करील? पण ज्याच्या शेतात विहीर नाही त्याचे काय? विहिरीची पातळी शेजाऱ्याच्या उपशाने खाली जाते आणि कूळ किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या वाट्याला विकण्याजोगे पाणीही येत नाही. त्याचे खाचर ऐन पहिल्या महिन्यात कोरडे पडते, चिखल भेगाळतो आणि त्या भेगांतून पाखड वर येते. त्याच्याच दारात मग विक्रेता बाटली घेऊन उभा राहतो. मजूर मिळत नाहीत हे त्या दोघांच्याही तोंडी असते. पाणी मिळत नाही हे मात्र कोणी बोलत नाही. शहरातील वाचकाला आपल्या नळाचा आणि खाचरातील गवताचा काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही, कारण वृत्तपत्रांत पाणीटंचाई एका पानावर छापली जाते आणि शेती दुसऱ्या.

तणे ही अडाणी, आळशी शेतकऱ्याची खूण आहे असा समजही शहरात रूढ आहे. तो निदान चेन्नईत तरी टिकू नये. या शहरातील सैदापेट येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी प्रयोगशेत आणि शेतकी शाळा होती. १९०६ मध्ये ती कोइमतूरला हलविण्यात आली आणि आजचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ तिचीच पुढची अवस्था आहे. इंग्रजी नांगर आणि यंत्रे आणून रयतेला शेती शिकवावी हा त्या प्रयोगशेताचा हेतू होता. पुढे जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास इंग्लंडहून आला. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रयतेला काय शिकवावे हे सांगण्यासाठी आलेल्या या माणसाने लिहून ठेवले ते असे की, शेत कटाक्षाने तणमुक्त ठेवण्याची याहून चांगली उदाहरणे अन्यत्र सापडणार नाहीत. ही प्रशस्ती रयतेला मिळाली. खुरपे कोणाच्या हातात होते, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेत नव्हता.

ते बायांच्या हातात होते आणि आजही आहे. दक्षिणेत नांगर पुरुषाचा. लावणी आणि निंदणी स्त्रियांची, त्यांतही बहुतांशी दलित भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांची. १९८२ मध्ये जोन मेंचर आणि के. शारदामणि यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये केरळ, तमिळनाडू आणि पश्चिम बंगाल येथील भातशेतीतील स्त्रीश्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, चिखलाने भरलेल्या पायांचा आणि मळलेल्या हातांचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच होता. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा १९७६ मध्येच झाला होता. त्याला बगल देण्याची युक्ती शेतीत फार सोपी आहे: काम समानच नाही असे ठरवून टाकावयाचे. नांगरणी पुरुषाचे काम म्हणून तिचा दर वेगळा, निंदणी बायकांचे काम म्हणून तिचा दर कमी. बाई नांगर धरीत नाही आणि पुरुष निंदावयास बसत नाही, मग तुलना करावयाची कोणाशी? कोकणात बेणणीला, विदर्भात निंदणाला आणि पश्चिम महाराष्ट्रात भांगलणीला हीच युक्ती लागू पडते.

आता मजुरांच्या टंचाईकडे वळता येईल. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडम् येथील कारखान्यांच्या बसगाड्या पहाटे गावोगावच्या थांब्यांवरून तरुण मुलींना आणि मुलग्यांना उचलून नेतात. तेथील नोकरी कंत्राटी असते, पुष्कळदा अल्पकाळाची असते. नोकियाचा कारखाना २००६ मध्ये गाजावाजा करून सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला, हे त्या टापूने पाहिले आहे. तरीही ती नोकरी वाकून निंदण्यापेक्षा बरी वाटते यात नवल काय? शेतात उरतात त्या बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाया. ज्या दराने, ज्या अवस्थेत हे काम करून घेतले जाते त्या दराला माणूस मिळत नाही, एवढाच त्या टंचाईचा खरा अर्थ. पण धनिक शेतकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे रोजगार हमीच्या कामांकडे बोट दाखवीत आल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत ही कामे थांबविण्याची तरतूद आहे. मजुरी वाढवून माणूस मिळविण्याऐवजी त्याचा दुसरा आधार हंगामापुरता काढून घ्यावयाचा, असा हा सरळ व्यवहार आहे.

याचा अर्थ बायांनी जन्मभर वाकून गवत उपटीत राहावे असा मुळीच नव्हे. गुडघाभर चिखलात, पाठीवर ऊन घेऊन दिवसभर ओणवे राहणे यात गौरवाचे काही नाही. असा गौरव करणारे लोक स्वतः कधी ओणवे झालेले नसतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मळेवाले मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याचे कुदळे देत, म्हणजे त्यांना वाकल्याशिवाय तण काढता येत नसे आणि कोण सरळ उभा राहिला हे मुकादमाला लांबूनच दिसे. त्याविरुद्ध शेतमजूर झगडले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये ते अवजार निषिद्ध ठरले. मळेवाल्यांनी पीक बुडेल असे सांगितले होते. मजुरांच्या हाती लांब दांडा आला आणि शेती चालू राहिली. तेव्हा वाद अवजार बदलावे की नाही असा नाही. ते कोणासाठी आणि कोणाच्या सोयीने बदलावे, असा आहे.

बाटलीतील औषधाने हा प्रश्न सुटला असता तर त्याला विरोध करण्याचे कारण नव्हते. ते किती काळ सोडविते याचे सर्वांत बोलके उदाहरण याच देशात घडले आहे आणि तेही गव्हाच्या सर्वांत संपन्न पट्ट्यात. पंजाब-हरियाणात गव्हाच्या शेतात गुल्लीडंडा किंवा मंडूसी नावाचे गवत उगवते. तेही सुरुवातीला हुबेहूब गव्हासारखे दिसते. मेक्सिकन गव्हाच्या बियाण्याबरोबर ते आले असे लोक म्हणतात; वस्तुतः ते देशात पूर्वीपासून होते. बुटका गहू, भरपूर खत, भरपूर पाणी आणि भातामागून गहू, गव्हामागून भात हा न मोडणारा क्रम, यांनी त्याला सुगीचे दिवस आणले. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले. स्वस्त आणि गुणकारी. शेतकऱ्यांनी दहा-पंधरा वर्षे तेच एक औषध त्याच एका पिकात मारले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हरियाणातील शेतकरी तक्रार करू लागले की गवत मरत नाही. औषध भेसळीचे असेल, मात्रा कमी पडली असेल, असे प्रथम त्यांनाच ऐकविण्यात आले. हिसारच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तपासणी केली तेव्हा उघड झाले की गवतच बदलले आहे. भारतात तणाने तणनाशकाला दाद न देण्याचे हे पहिले नोंदलेले प्रकरण. काही शेतांत प्रकोप इतका होता की गहू हिरवाच कापून जनावरांपुढे टाकावा लागला. गव्हाच्या कोठारात ही पाळी!

त्यानंतर १९९० चे दशक संपता संपता क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी आणि महाग औषधे आली. काही वर्षे बरी गेली. पुढच्या दशकात त्यांनाही न जुमानणारा गुल्लीडंडा सापडू लागला. हाताला चकविण्यास जेथे शतके लागली तेथे औषधाला चकविण्यास पंधरा वर्षे पुरली, आणि दुसऱ्या औषधाला त्याहूनही कमी. यात गूढ काही नाही. हात निवड करतो ती दिसण्यावर आणि चुकतमाकत. औषध निवड करते ती एका घावात, लक्षावधी रोपांतून. जे चार-दोन वाचतात ते सर्व वाचण्याच्याच गुणाचे असतात आणि पुढचे शेत त्यांचे असते. इंग्लंडच्या गव्हातील काळे गवत १९८० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातील रायगवत त्याच सुमारास, अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील भातखाचरांतले पाखड १९९० च्या आगेमागे याच वाटेने गेले. हे सर्व घडत असताना कंपन्यांचे नुकसान झाले नाही. औषध निकामी होणे हे शेतकऱ्याचे संकट असते; कंपनीसाठी ती पुढच्या औषधाची बाजारपेठ असते.

हरियाणाच्या अनुभवात आणखी एक धडा आहे, आणि त्याची जाहिरात कोणी केली नाही. ज्या शेतकऱ्यांनी मधूनमधून गव्हाऐवजी बरसीम, ऊस किंवा मोहरी घेतली त्यांच्या शेतात हा उपद्रव कमी राहिला. बरसीम चाऱ्यासाठी वारंवार कापला जातो, त्याबरोबर गुल्लीडंडाही बी धरण्यापूर्वीच कापला जातो. भातानंतर न नांगरताच गहू पेरल्यानेही गवत कमी उगवले, कारण खाली दडलेले बी वर येत नाही. बाटली एकटी हरली, तेथे पीक बदलण्याने आणि मशागत बदलण्याने काम केले. मग सर्वांनीच पीक का बदलले नाही? कारण सरकारी खरेदी हमखास होते ती गव्हाची आणि भाताची. मोहरीचा भाव कोसळला तर शेतकऱ्याच्या मागे कोण उभे राहणार? गवताचा बंदोबस्त अशा रीतीने बाजारभावाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

चेन्नईभोवतीच्या भातात आज याच नाटकाचा पहिला अंक चालू आहे. पेरभातात पेरणीपाठोपाठ पेंडिमेथॅलिन किंवा प्रेटिलाक्लोर, पुढे पंधरा-वीस दिवसांनी बिसपायरिबॅक, हा क्रम रूढ होत आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या २७ कीटकनाशक-तणनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता त्यांत पेंडिमेथॅलिन आणि ब्युटाक्लोर ही दोन्ही होती. तो मसुदा पुढे बहुतांशी कागदावरच विरला. ग्लायफोसेटच्या बाबतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये असे ठरले की ते परवानाधारक फवारणी करणाऱ्यांनीच वापरावे. असा परवानाधारक कोणत्या गावात भेटतो? पाठीवर पंप घेणारा बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो. त्याला ना हातमोजे, ना मुखपट्टी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने दगावले, ही आठवण महाराष्ट्रात तरी ताजी असावी.

दुसरा अंक अधिक गंभीर आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठातील संशोधकांनी नगीना-२२ या वाणाच्या उत्परिवर्तित रोपांतून इमॅझेथॅपिर हे तणनाशक सोसणारे भात शोधून काढले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो गुण बासमतीत उतरवून पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण तयार केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले. हे जनुकबदल केलेले वाण नव्हेत, आणि संशोधनही सार्वजनिक संस्थांचे आहे. त्या शास्त्रज्ञांच्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पाणी वाचावे, मिथेन वायू कमी व्हावा म्हणून पेरभाताला उत्तेजन द्यावयाचे तर तणांचा बंदोबस्त हवाच, हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नाही. परंतु भाताला एक जंगली भाऊबंद आहे. केरळच्या कुट्टनाडात त्याला वरिनेल्लु म्हणतात. दिसावयास भात, पण दाणे पिकताच झडून जाणारा. त्याचा आणि लागवडीच्या भाताचा संकर होतो. अमेरिकेत अशाच प्रकारचा तणनाशकसहिष्णू भात २००२ मध्ये आला. काही वर्षांतच तेथील तणभाताने तो गुण उचलला आणि तेच औषध त्याच्यावर निरुपयोगी झाले. गुल्लीडंड्याला निदान स्वतःच्या बळावर पंधरा वर्षे झगडावे लागले. येथे ढाल शेजारच्या भाताकडून आयती मिळण्याचा धोका आहे.

मग शेतकऱ्याने करावे काय? उपाय अज्ञात नाहीत. एकेकटे ते दुबळे आहेत आणि एकत्र आल्यास बळकट. पेरणीपूर्वी रान भिजवून गवताचे पहिले पीक उगवू द्यावे आणि उथळ पाळी घालून ते मोडावे. दोनदा केले तर मातीतील बियांचा साठा जाणवण्याइतका उतरतो. बी मिठाच्या पाण्यात बुडवून हलके दाणे आणि तणांचे बी काढून टाकावे. पेरणी फेकून न करता ओळीत करावी, म्हणजे ओळींमधून अवजार फिरविता येते आणि ओळीबाहेर उगवलेले रोप हे तणच, हे ओळखण्यासाठी भिंग लागत नाही. भातामागून उडीद किंवा तीळ घेतल्याने पाखडाचा क्रम तुटतो. बांधावरचे गवत फुलण्यापूर्वी कापावे. आणि औषध वापरावेच लागले तर तेच ते दरवर्षी वापरू नये, व त्यातून सुटलेली रोपे बी धरण्यापूर्वी हाताने उपटून घ्यावी. ही शेवटची पायरी गाळणे म्हणजे पुढच्या वर्षीचा पराभव स्वतःच पेरणे होय.

यांतील निम्मे उपाय एकट्या शेतकऱ्याच्या आटोक्यातले नाहीत. पाणी कालव्यातून एका खाचरातून दुसऱ्यात उतरते आणि त्याबरोबर बीही उतरते. कापणीयंत्र भाड्याने येते, ते एका गावच्या झडलेल्या बिया दुसऱ्या गावात नेऊन टाकते. एकाने बांध स्वच्छ ठेवला आणि शेजाऱ्याने ठेवला नाही तर पहिल्याचे श्रम वाया. केरळमध्ये कुडुंबश्रीच्या स्त्रीगटांनी पडीक खाचरे एकत्र कसावयास घेतली, तेव्हा निंदणी हे मालकाने दिलेले रोजंदारीचे काम न राहता गटाच्या स्वतःच्या पिकाचे काम झाले. तणाकडे पाहण्याची नजर त्याने बदलते. तमिळनाडूत श्री पद्धतीच्या भातलागवडीबरोबर ओळींतून ढकलावयाचे कोनोवीडर आले. उत्तम अवजार, ते गवत चिखलात गाडते आणि मुळांशी हवा खेळती करते. परंतु पुष्कळ ठिकाणी असे झाले की अवजार आले तेव्हा ते पुरुषाच्या हाती गेले आणि मजुरीचा दरही चढला. बायांकडे राहिले ते ओळींमध्ये न सापडलेले, रोपाच्या बुंध्याशी चिकटलेले गवत, जुन्याच दराने, ओणव्यानेच. अवजार बायकांना जड पडते असे कारण देण्यात आले. मग ते हलके का केले नाही? त्याचे वजन आणि दांड्याची उंची ही काही निसर्गाने ठरवून दिलेली नाहीत.

सांबा हंगामाच्या पुळुदि पेरण्या ईशान्य मोसमी पावसाच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. पाऊस ऑक्टोबरच्या मध्यास लागतो. मधले हे सहा-आठ आठवडे म्हणजेच गवताचा निर्णायक काळ, आणि तलावात पाणी असेल तर त्याच काळात एक-दोन पाळ्या देऊन खाचर बुडविता येते. त्या पाळ्यांचे पाणी शेताला की टँकरला, निंदणाऱ्या बाईचा दर नांगरणीच्या बरोबरीने की निम्म्याने, आणि बियाण्याची पिशवी औषधाच्या बाटलीशी बांधलेली की सुटी, हे दरवर्षी त्याच आठवड्यांत ठरते. शेतकरी सभेच्या आणि शेतमजूर युनियनच्या तालुका बैठका मात्र बहुधा कापणीच्या सुमारास, भावाच्या मागणीसाठी बोलावल्या जातात. तोपर्यंत पाखडाची लोंबी झडून गेलेली असते.